छंदमंडळांतील चर्चा आणि विषयाची वेस

छंद एकट्यानें जोपासतां येतो. परंतु त्याची खरी गोडी वाढते ती चार समानधर्मी माणसें भेटल्यावर, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांचा असेल. कोणास टपालाचीं तिकिटें जमविण्याचा नाद असतो, कोणास पक्षी न्याहाळण्याचा, कोणास जुन्या नाण्यांचा, तर कोणास परसांतील फुलझाडांचा. आरंभीं पांच-सात मंडळी एकत्र जमतात, चहाबरोबर गोष्टी निघतात, आणि बघतां बघतां एक लहानसें मंडळ उभें राहतें. पुढें मंडळ वाढतें, नवीं माणसें येतात, बोलण्यास ऊत येतो. आणि मग एके दिवशीं असें ध्यानांत येतें कीं, बोलणें पूर्वीच्या दसपट होत आहे, परंतु ज्या विषयासाठीं मंडळ निघालें त्याचें नांवही आठ-आठ दिवस कोणी काढीत नाहीं. भांडून मोडलेलीं मंडळें मीं थोडीं पाहिलीं. विषय हरवून विझलेलीं मात्र पुष्कळ पाहिलीं.

प्रस्तुत लेखकाचा सारा जन्म मास्तरकींत गेला. चाळीस-पन्नास मुलांना पाऊण तास एका धड्यावर खिळवून ठेवण्याची हातोटी आपणांस साधली आहे, असा माझा समज होता. तोच मी वीस-पंचवीस प्रौढ माणसांच्या मंडळांत विषय सोडून किती दूर भटकलों, आणि त्या भटकण्यामुळें एका गुणी व्यक्तीवर कसा अन्याय झाला, ती हकीकत येथें सांगावयाची आहे. हेतु आत्मनिंदेचा नाहीं. ज्या घरांत एखादें छंदमंडळ भरतें, अथवा घरचें कोणी अशा मंडळांत जातें, त्यांस ती उपयोगी पडेल एवढाच हेतु.

एक हुकलेली संधि

आमच्या गांवीं आकाशनिरीक्षणाचें एक मंडळ आहे. कल्पना कांहीं आमची नव्हे. पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हौशी निरीक्षकांसाठीं हेंच कार्य करीत आली आहे. माझ्यापुरतें म्हणाल, तर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची एक जुनी प्रत वडिलांच्या फडताळांत होती, आणि दीक्षितही शिक्षकच होते, या आपुलकीपोटीं मी या नादीं लागलों. अमावास्येच्या जवळच्या शनिवारीं एका शाळेच्या गच्चीवर आम्ही जमतों. मधल्या दिवसांत काय दिसलें, काय दिसणार आहे, याची देवघेव व्हावी म्हणून भ्रमणध्वनीवर मंडळाचा एक गटही काढलेला आहे.

डिसेंबर १९ पासून, म्हणजे सन २०१९ च्या त्या डिसेंबरांत, गटावर ग्रहणाची धामधूम होती. ता. २६ रोजीं सकाळीं सूर्यग्रहण होतें. कर्नाटक, केरळ व तामीळनाडू यांच्या कांहीं भागांत तें कंकणाकृति, तर आपल्याकडे खंडग्रास दिसावयाचें होतें. बिंब किती झांकलें जाईल, डोळ्यांस अपाय न होतां तें कसें पाहावें, एवढेंच खरें तर बोलावयाचें. परंतु कोणीसें विचारलें, “वेध पाळावे काय?” झालें! एक पक्ष म्हणे, शिजविलेलें अन्न टाकावें. दुसरा म्हणे, हा निव्वळ भ्रम. त्यांतून गर्भिणी स्त्रियांनीं काय करावें हा वाद, त्यांतून कोणाच्या आजीची गोष्ट, त्यांतून एका लग्नाचें छायाचित्र, त्यांतून वाढदिवसाचीं अभिनंदनें. या गलबल्यांत आपणही विद्वत्तेची भर घालावी अशी मला हुक्की आली. ऋग्वेदाच्या पांचव्या मंडलांत स्वर्भानूनें सूर्यास झांकलें व अत्रीनें त्यास सोडविलें अशी कथा आहे. ती मीं सविस्तर लिहिली. तेवढ्यानें समाधान होईना, म्हणून ‘ग्रहण’ हा शब्द ‘ग्रह्’ धातूस ‘ल्युट्’ प्रत्यय लागून कसा सिद्ध होतो, तेंही लिहिलें. बारा जणांनीं हात जोडल्याचीं चिन्हें पाठविलीं, आणि मी संतुष्ट होऊन निजलों.

ग्रहणाच्या आदल्या त्याच रात्रीं, माझ्या व्याकरणाच्या खालोखाल, दोन ओळींचा एक प्रश्न आला होता. आमच्या चिटणिसांची सून स्वयंपाकघराची आवराआवर झाल्यावर रोज दहाच्या सुमारास गच्चीवर जाते. तिनें लिहिलें होतें : “काक्षी आज रोहिणीपेक्षां स्पष्टच मंद दिसली. पंधरा दिवस असेंच वाटत आहे. माझ्या डोळ्यांचा दोष, कीं खरेंच तसें आहे?”

काक्षी म्हणजे मृगाच्या चौकोनांतील ईशान्येचा तांबूस तारा. पुष्कळ जण त्यासच आर्द्रा म्हणतात. आकाशांतील अत्यंत तेजस्वी अशा दहा ताऱ्यांत एरव्हीं त्याची गणना होते, आणि सामान्यतः तो रोहिणीहून उजळ असतो. ज्यास आकाशाचा थोडाबहुत परिचय आहे, त्यानें हा प्रश्न वाचून ताडकन् उठून गच्ची गांठावयास हवी होती. आमच्या गटांत असे निदान सात-आठ जण होते. एकानेंही उत्तर दिलें नाहीं. प्रश्नावर अर्ध्या तासांत पन्नास संदेशांचा ढीग पडला, आणि तो प्रश्न गाडला गेला.

पुढें फेब्रुवारींत वर्तमानपत्रांतून बातम्या येऊं लागल्या कीं, काक्षीचें तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खालीं आलें असून जगांतील ज्योतिषी विस्मित झाले आहेत. त्या महिन्याच्या मध्यास तो तारा मृगाच्याच वायव्येकडील ताऱ्याइतका फिका झाला होता. त्याचें तेज कमीजास्त होतें हें सर जॉन हर्शेल यानें १८३६ सालींच पाहिलें होतें. पण इतका उतार विरळाच. ताऱ्यानें स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आपल्या दृष्टीच्या आड आली, आणि त्याच्या पृष्ठाचा कांहीं भागही थंडावला होता, असा उलगडा पुढें २०२१ सालीं प्रसिद्ध झाला.

बातमी वाचली आणि मला ते दोन ओळींचे शब्द आठवले. मी गट उघडून पाहिला. ती जानेवारींतच, कोणास कांहीं न बोलतां, गटांतून निघून गेली होती. आमच्यापैकीं कोणाच्या तें ध्यानांतही आलें नव्हतें.

सायंकाळीं मी चिटणिसांकडे गेलों. चहा घेऊन ती बाहेर आली, तेव्हां मीं सरळ विषय काढला. तिनें आंतून एक शाळकरी वही आणून पुढें ठेविली. तारीख, वेळ, आकाश कसें होतें, आणि काक्षी कोणत्या ताऱ्याहून उजळ व कोणत्याहून मंद, अशा रकान्यांत डिसेंबरापासूनची टिपणें होतीं. दोन तारे शक्यतों सारख्या उंचीवर असतां तुलना करावी, तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहूं नये, कारण टक लावल्यास तो उगाच अधिक तेजस्वी भासतो, या गोष्टी तिनें पुस्तकांत वाचून पाळल्या होत्या. मी खजील झालों. ती म्हणाली, “गुरुजी, उत्तर मिळालें नाहीं याचें वाईट वाटलें नाहीं. कुणाला ठाऊक नसेल, तर नसेल. पण प्रश्न कुणी वाचलाच नाहीं असें वाटलें. मग पुन्हां विचारण्याची लाज वाटूं लागली.”

कोणी म्हणेल, गृहिणीच्या वहीनें विज्ञानाचें काय अडलें होतें? तर ज्यांचें तेज बदलतें अशा ताऱ्यांच्या निरीक्षकांची एक संघटना अमेरिकेंत १९११ पासून आहे, व तिचा पाया हौशी माणसांनीं धाडलेलीं अशींच टिपणें हा आहे. आपल्या देशांत जेसोरचे राधागोविंद चंद्र हे सरकारी खजिन्यांतील एक साधे नोकर. शालेय शिक्षणही पुरें न झालेल्या या गृहस्थांनीं त्या संघटनेकडे ३७,००० हून अधिक निरीक्षणें पाठविलीं, आणि त्यांचें काम पाहून संघटनेनें त्यांस सहा इंची दुर्बीण वापरावयास धाडली. चंद्र महाशयांचा पहिला कागद जर कोणी असाच व्याकरणाच्या ढिगाखालीं दडपला असता, तर?

आपल्या पूर्वजांची शिस्त

घरीं आल्यावर मीं जुन्या पोथ्या काढल्या. ज्या विद्येच्या बळावर मीं ‘ल्युट्’ प्रत्यय झाडला, त्याच विद्येनें माझा अपराध फार पूर्वीं नांवासह नोंदवून ठेविला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य जाणण्यासाठीं होतो तो वाद, जिंकण्यासाठीं होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचा खोडावयाचा ती वितंडा. पुढें शेवटच्या अध्यायांत बावीस निग्रहस्थानें दिलीं आहेत. ज्या ठिकाणीं बोलणाऱ्यास थांबवून ‘तूं चुकलास’ असें म्हणतां येतें, तीं हीं स्थळें. त्यांतील एकाचें नांव ‘अर्थान्तर’, म्हणजे चाललेल्या विषयाशीं संबंध नसलेलें बोलणें. त्यावर भाष्यकार वात्स्यायनांनीं दिलेलें उदाहरण तर मला चपराकच वाटलें. एक वादी शब्दाच्या नित्यत्वाविषयीं बोलतां बोलतां ‘हेतु’ हा शब्द उच्चारतो, आणि लगेच ‘हेतु’ शब्द कोणत्या धातूस कोणता प्रत्यय लागून झाला, पदांचे प्रकार किती, असें व्याकरण सांगत सुटतो! विद्वानास विषयांतर करण्याचा मोह कोठें होतो, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

इतर स्थानेंही आजच्या कोणत्याही मंडळांत जशींच्या तशीं आढळतील. एकदां सांगितलेलें निष्कारण पुन्हां सांगणें हें ‘पुनरुक्त’. एका कारणानें भागत असतां चार कारणें देणें हें ‘अधिक’. आपला दोष दाखविला असतां ‘तुमचाही तोच दोष आहे’ म्हणणें ही ‘मतानुज्ञा’. कारण तसें म्हणतांना आपला दोष आपणच कबूल करीत असतों. अडचणीचा प्रश्न येतांच ‘मला आतां काम आहे’ म्हणून निघून जाणें हा ‘विक्षेप’. परंतु मला सर्वांत मोलाचें वाटलें तें ‘अननुभाषण’. प्रतिपक्षाचें म्हणणें तीनदां सांगून झालें व सभेस तें समजलेंही, तरी ज्यास तें आपल्या तोंडानें परत सांगतां येत नाहीं, तो हरला. उत्तर देण्यापूर्वीं समोरच्याचें म्हणणें नीट ऐकलें आहे हें सिद्ध करावें लागे, असा याचा अर्थ.

चरकसंहितेंत तर छंदमंडळास शोभेलसा एक शब्दच आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत ‘तद्विद्यसंभाषा’ सांगितली आहे. एकाच विद्येच्या लोकांनीं आपसांत केलेलें संभाषण, असा तिचा अर्थ. तिचे दोन भेद आहेत. स्नेहानें चालते ती संधायसंभाषा, आणि स्पर्धेनें चालते ती विगृह्यसंभाषा. पहिली कोणाशीं करावी? जो जाणता आहे, रागीट नाहीं, मत्सरी नाहीं, ज्यास समजावितां येतें व जो समजावूं शकतो, जो गोड बोलतो, त्याच्याशीं. तिच्यांत निःशंकपणें विचारावें, निःशंकपणें सांगावें, हरण्याची भीति बाळगूं नये व जिंकल्याचा आनंद मिरवूं नये, असा उपदेश आहे. वैद्यांसाठीं लिहिलेलें हें प्रकरण तिकिटें जमविणाऱ्यांच्या सभेंतही मोठ्यानें वाचावें अशा योग्यतेचें आहे.

आणि विषय मांडावा कसा, याचें उत्तर मीमांसकांच्या अधिकरणांत आहे. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय अशीं त्याचीं पांच अंगें सामान्यतः सांगतात. आधीं कशाविषयीं बोलावयाचें तें ठरवावें, मग नेमकी शंका मांडावी, मग एक बाजू, मग दुसरी, आणि शेवटीं काय ठरलें तें. ज्या चर्चेस संशयच नाहीं, ती चर्चा नव्हे, केवळ गोंगाट होय.

दूरदेशींचीं दोन उदाहरणें

ही गरज केवळ आपल्यालाच भासली असें नाहीं. बेंजामिन फ्रँकलिन यानें १७२७ सालीं, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षीं, फिलाडेल्फिया शहरांत ‘जंटो’ नांवाचें एक मंडळ काढलें. दर शुक्रवारीं सायंकाळीं तें भरे. प्रत्येकानें आपल्या पाळीस चर्चेसाठीं प्रश्न आणावा, व तीन महिन्यांतून एकदां स्वतः लिहिलेला निबंध वाचावा, असा नियम होता. वादाची हौस व जिंकण्याची ईर्षा टाळून सत्यशोधनाच्या वृत्तीनें बोलावें, हा दंडक. त्यासाठीं ‘हें असेंच आहे’ असें ठासून बोलण्यास अथवा दुसऱ्यास तोंडावर खोटें ठरविण्यास पुढें मनाई करण्यांत आली, व मोडणाऱ्यास लहानसा दंडही पडे. पोट भरण्यासाठीं दिवसभर राबणाऱ्या कारागिरांचें हें मंडळ दीर्घकाळ टिकलें, याचें पुष्कळसें श्रेय या शिस्तीस आहे.

दुसरें उदाहरण हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी इंजिनिअराचें. १८६३ सालीं मॅसाच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड गांवीं एका सभेचें अध्यक्षपद त्याच्या गळ्यांत पडलें, आणि सभा चालवावी कशी हेंच ठाऊक नसल्यानें सारा गोंधळ उडाला. त्या फजितीनें त्याच्या मनानें घेतलें, आणि १८७६ सालीं त्यानें सभाचालनाच्या नियमांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. एका वेळीं एकच प्रश्न सभेपुढें असावा, हें त्याचें मुख्य सूत्र. फजिती सर्वांचीच होते. तिच्यांतून नियम काढण्याचें शहाणपण मात्र थोड्यांस सुचतें.

आम्हीं काय केलें

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली, आणि गच्चीवरील बैठका बंद पडल्या. मंडळ म्हणजे आतां केवळ भ्रमणध्वनीवरील गट, अशी स्थिति झाली. तेव्हां चिटणीस, त्यांची सून व मी अशा तिघांनीं बसून कांहीं नियम ठरविले आणि मंडळाकडून मान्य करून घेतले. ते थोडक्यांत असे :

पहिला नियम, एका दिवशीं एकच विषय, आणि तो सकाळीं एका ओळींत जाहीर करावा. दुसऱ्या विषयावरील मजकूर मनांत आला, तर तो उद्यांसाठीं राखावा. उद्यांपर्यंत तो विसरला, तर तो सांगण्याजोगा नव्हता असें समजावें.

दुसरा नियम, दर महिन्यास एक सूत्रधार असावा, व पाळी सर्वांवर यावी. ज्यानें एकदां सूत्र हातीं धरलें, तो पुढल्या महिन्यांत सहसा विषय सोडून बोलत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

तिसरा नियम प्रश्नाविषयींचा, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. मंडळांत आलेला प्रश्न हें सूत्रधाराच्या डोक्यावरील ऋण. दुसऱ्या दिवसाच्या सूर्यास्तापूर्वीं त्यास उत्तर मिळालेंच पाहिजे. कोणासच ठाऊक नसल्यास ‘आम्हांस ठाऊक नाहीं, शोधूं’ एवढें तरी सूत्रधारानें लिहावें.

चौथा नियम, खंडन करण्यापूर्वीं समोरच्याचें म्हणणें एका वाक्यांत आपण सांगावें. या एका नियमानें निम्मे वाद आपोआप मिटले; कारण तसें सांगतां सांगतांच पुष्कळांस कळून येई कीं, समोरचा तसें म्हणतच नव्हता.

पांचवा नियम, कोणी विषय सोडल्यास त्यास चारचौघांत टोकूं नये. सूत्रधारानें खाजगी रीतीनें सांगावें. शेवटचा, महिनाअखेर वहींत टिपण करावें : प्रश्न काय होता, मतें कोणतीं आलीं, काय ठरलें, काय राहिलें. ‘काय राहिलें’ या रकान्यांतून पुढच्या महिन्याचे विषय निघतात.

याची परीक्षा ता. २१ डिसेंबर २०२० रोजीं झाली. त्या सायंकाळीं गुरु व शनि एकमेकांच्या इतके जवळ आले कीं, त्यांच्यांतील अंतर अंशाचा केवळ दहावा भाग उरलें. वसिष्ठ व अरुंधती यांच्यांत दिसतें त्याच्या निम्मेंच. १६२३ सालानंतर इतकी जवळीक प्रथमच होत होती. ही युति शुभ कीं अशुभ, असा प्रश्न निघाला नसता तरच नवल! वर्षापूर्वीं तेवढ्यावरच मंडळ दोन आठवडे झुंजलें असतें. या वेळीं सूत्रधारानें सकाळींच संशय मांडला : “नुसत्या डोळ्यांनीं दोन ग्रह वेगळे ओळखतां येतील काय?” ज्यानें त्यानें आपल्या गच्चीवरून पाहून लिहिलें. तरुणांस दोन दिसले. आम्हां वयस्कांपैकीं पुष्कळांस चष्म्यासह एकच लांबट ठिपका. घरोघरचीं मुलें, आज्या, सुना, सारे त्या दिवशीं निरीक्षक झाले होते.

शिस्तीची मर्यादा

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, नियम केले आणि सर्व सुरळीत झालें. तसें झालें नाहीं. आणि दुसरी चूकही माझ्याच हातून झाली, ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं.

पहिला सूत्रधार मी होतों. नव्या मुसलमानाप्रमाणें, असें आपल्याकडे म्हणत. मी म्हणेन, नव्या मास्तराप्रमाणें मी छडी उगारूनच बसलों होतों. आमच्या मंडळांत ऐंशीच्या घरांतील एक गृहस्थ आहेत. पत्नी वारलेली, मुलें दूरदेशीं, टाळेबंदींत घरांत एकटे. ते रोज कांहींतरी लिहीत : आज अंगणांत कोकिळ ओरडला, आज मुगाची खिचडी केली. मीं त्यांस आठवड्यांत तीनदां, आणि पांचवा नियम स्वतःच मोडून सर्वांदेखत लिहिलें, “कृपया विषयास धरून लिहावें.” चौथ्या दिवसापासून त्यांचें लिहिणें थांबलें. गट अगदीं स्वच्छ झाला, आणि मला आपल्या शिस्तीचा अभिमान वाटला.

आठ दिवसांनीं चिटणिसांच्या सुनेनें मला विचारलें, “गुरुजी, आजोबा लिहीत नाहींत. कुणी फोन केला का?” कोणीच केला नव्हता. मीं तत्काळ केला. ते शांतपणें म्हणाले, “मास्तर, चूक तुमची नाहीं. मला ताऱ्यांतलें फारसें कळतही नाहीं. दिवसभरांत कुणीतरी आपलें वाचतंय, एवढ्यासाठींच लिहीत होतों हो.”

वर्षभरांत दुसऱ्यांदा मी निरुत्तर झालों. प्रथम बेशिस्तीनें मीं एकीचा प्रश्न गाडला होता. आतां शिस्तीनें एका वृद्धाचा आवाज बंद केला होता. दोन्ही वेळां दोष एकच होता. शब्दांमागचें माणूस मीं पाहिलें नव्हतें.

उपाय सुनबाईनेंच काढला. ती म्हणाली, “घरांत माजघर असतं, तशी ओसरीही असते ना? येणाऱ्याला ओसरीच नसेल, तर तो माजघरांतच येऊन बसणार.” तेव्हांपासून मंडळाचे दोन गट आहेत. एकाचें नांव ‘निरीक्षण’. तेथें वरील नियम कसोशीनें पाळतात. दुसऱ्याचें नांव ‘ओसरी’. तेथें खिचडी, कोकिळ, नातवंडें, वाढदिवस, आणि माझे प्रत्ययसुद्धां, सारें चालतें. केवळ कोणाचा उपमर्द करूं नये, एवढाच तेथें नियम. गच्चीवरील बैठका पुन्हां सुरू झाल्या, तेव्हांही हीच रीत ठेविली : पहिला तास विषयाचा, मग चहा, मग ओसरी.

आणि ओसरी ही नुसती सोय नाहीं, असेंही दिसून आलें. एके रात्रीं चहाच्या वेळीं तेच आजोबा सहज म्हणाले कीं, १९६५ सालीं पहाटे उठून त्यांनीं इकेया-सेकी धूमकेतूचें लांबच लांब पुच्छ पाहिलें होतें. सारी मंडळी चहा विसरून त्यांच्याभोवतीं गोळा झाली. पुढल्या महिन्याचा विषय तेथेंच ठरला, आणि त्या दिवशीं बोलावयास उभे राहिले ते आजोबाच. विषय सोडून बोललेल्या एका वाक्यानें मंडळास एक विषय मिळवून दिला.

मंडळांची गोष्ट सांगितली, ती घरालाही लागू आहे. जेथें तीन पिढ्या एका छपराखालीं राहतात, तेथें रोजच सभा भरलेली असते. जेवतांना मोठ्यांच्या वादांत एखाद्या पोरानें विचारलेला प्रश्न, किंवा सुनेनें हळूच सांगितलेली अडचण, किती वेळां तशीच विरून जाते, याचा हिशेब प्रत्येकानें आपल्या मनाशीं करून पाहावा. वडिलांनीं अधूनमधून थांबून, “मघाशीं तूं कांहीं विचारीत होतास, तें काय?” एवढें जरी म्हटलें, तरी पुष्कळ साधेल.

चिटणिसांच्या सुनेची ती पहिली वही आतां मंडळाच्या कपाटांत आहे, आणि तिच्या पुढच्या वह्या भरत आहेत. या महिन्याचें सूत्र तिच्याच हातीं आहे. परवां शाळेंतील एका लहान मुलानें गटावर विचारलें, “चांदण्या लुकलुकतात, मग गुरु कां लुकलुकत नाहीं?” प्रश्न रात्रीं साडेनऊला आला. दहाच्या आधींच तिनें त्याच्याखालीं लिहिलें होतें, “प्रश्न वाचला. छान आहे. उद्यांचा विषय हाच.” मलाही ‘गुरु’ शब्दाविषयीं चार गोष्टी सुचल्या होत्या. त्या मीं ओसरीवर लिहिल्या.